बुधवार, रात्री आठ : गीतमालेची पुनःप्रसारणं आणि घराघरांतल्या जुन्या कॅसेटी

घंटाळीकर

नौपाड्यातले आम्ही काही जण दर बुधवारी रात्री आठला जमतो आणि बिनाका गीतमाला, म्हणजे रेडिओ सिलोनवरचा हिंदी सिनेगीतांच्या क्रमवारीचा जुना कार्यक्रम, ऐकतो. एकाकडे कारवाँ (जुनी गाणी भरलेला रेडिओसारखा प्लेअर) आहे, एकाने 'गीतमाला की छाँव में'च्या सीडी जपून ठेवल्यात, कुणी यूट्यूबवर जुन्या श्रोत्यांनी चढवलेली रेकॉर्डिंग्ज शोधून आणतं. वार आणि वेळ मुद्दाम तीच ठेवली आहे. गाणी काय, केव्हाही ऐकता येतात. गीतमाला मात्र बुधवारी आठलाच लागली पाहिजे, यावर आमच्यात दुमत नाही.

पण ऐकताना एक गोष्ट मला सारखी खटकते, म्हणून हा धागा. आज आपल्याला पुन्हा ऐकायला मिळते ती बहुतेक वार्षिक यादीची गीतमाला. अमुक वर्षी पहिलं गाणं हे, तमुक वर्षी ते. आवाज गीतमालेचे निवेदक अमीन सायानींचाच, किस्से सुंदर, माहिती भरपूर. पण निवेदन बरंचसं नंतर केलेलं, सगळा निकाल लागून गेल्यावर मागे वळून बघत केलेलं. आपण जिच्यासाठी रेडिओला कान लावून बसायचो ती गीतमाला आठवड्याची होती. सोळाव्या पायदानापासून, म्हणजे पायरीपासून, सुरुवात. गेल्या बुधवारी नवव्यावर असलेलं गाणं आज पाचव्यावर, एखादं नवं कोरं गाणं एकदम मधेच घुसलेलं, आपलं आवडतं दोन पायऱ्या घसरलेलं. पुढच्या आठवड्यात काय होणार हे खुद्द निवेदकालाही माहीत नसायचं, आणि ते त्याच्या आवाजात ऐकू यायचं. वार्षिक यादीत हा खेळ उरतच नाही.

म्हणून विचारतो : ठाणे, कळवा, मुंब्रा, नवी मुंबई, कुठेही असा, तुमच्या घरी साप्ताहिक गीतमालेच्या टेप केलेल्या कॅसेटी आहेत का? अर्धवट असल्या तरी चालतील. नसतील तर आठवणी लिहा, पण शक्यतो नेमक्या लिहा. "काय ते दिवस होते" हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे.

बँड_३१ (वाशी)

धाग्याबद्दल मनापासून आभार. कॅसेटी आहेत, त्यांच्याबद्दल सवडीने लिहितो. आधी एक भर घालतो.

सीडीवरची गीतमाला स्वच्छ ऐकू येते. तशी ती आपण कधीच ऐकलेली नाही. सिलोनचं स्टेशन कोलंबोला, आपल्यापासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर. तिथून निघालेल्या लघुलहरी (शॉर्टवेव्ह) वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आदळून खाली यायच्या, आणि दिवस मावळला की तो थर बदलत जायचा. त्यामुळे आवाज कधी खोलीभर भरायचा आणि कधी नेमका मुखड्याच्या वेळी लांब निघून जायचा. पंचवीस, एकतीस, एकेचाळीस मीटर हे आकडे घरातल्या पोरासोरांनाही पाठ होते, कारण एका बँडवर विरलं की दुसऱ्यावर शोधावं लागे.

आमच्याकडे व्हॉल्व्हचा मर्फी रेडिओ होता. तापायला वेळ घ्यायचा म्हणून पावणेआठलाच चालू करायचा. तांब्याच्या तारेची जाळीदार पट्टी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली, तीच एरियल. पुढे हिरवा डोळा. स्टेशन नीट लागलं की तो मिटत यायचा. सुई हलवणं हे फक्त वडिलांचं काम. ते इतक्या हलक्या हाताने बटण फिरवायचे की फिरतंय हे कळायचंसुद्धा नाही. खरखर, मागे कुठल्यातरी परदेशी स्टेशनची कुजबुज, आणि त्यातून वर येणारं "बहनों और भाइयों". माझ्यासाठी गीतमाला म्हणजे हे सगळं मिळून.

माई_ऐरोली

आमच्या घरात बुधवारी पोळ्या साडेसातलाच उरकलेल्या असायच्या. आठ वाजता स्टोव्हचा आवाज नको, हा आईचा नियम. आणि ती काही रेडिओपुढे बसून ऐकणारी बाई नव्हती. निवडणं-टिपणं घेऊन दाराशी बसायची. पण तिचं गाणं वर चढलं की सुपातला हात थांबायचा.

बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात छोटे प्लॅस्टिकचे प्राणी निघायचे, आठवतात का कुणाला? बोटाच्या पेराएवढे. जिराफ, हत्ती, ससा, मासा. आम्ही भावंडं त्यांना पायदानांवर उभं करायचो. म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांवर हो. ज्याचं गाणं वर गेलं त्याचा प्राणी एक पायरी वर. चाळीत बाकीची मुलंही आपापले प्राणी घेऊन यायची आणि कार्यक्रम संपेपर्यंत जिन्यावरून मोठ्या माणसांना वाट मिळायची नाही. माझा हत्ती अजून देवघराच्या कप्प्यात आहे. एक कान गेलाय.

पुढे बिनाकाचं सिबाका झालं, तरी आमच्या तोंडी शेवटपर्यंत बिनाकाच राहिलं.

नवखा_श्रोता (घोडबंदर रोड)

मी या सगळ्यानंतर जन्मलेला. आजोबांच्या कारवाँवर ऐकून नाद लागला. दोन प्रश्न आहेत, जाणकारांनी सांगावं.

१) १९६२चं पहिलं गाणं 'एहसान तेरा होगा मुझ पर'. पण 'जंगली' १९६१चा ना? 'दो रास्ते' १९६९चा, आणि 'बिंदिया चमकेगी' १९७०ला पहिलं. असं कसं?

२) १९६०ला 'बरसात की रात'चं शीर्षकगीत पहिलं. त्याच वर्षी 'मुग़ल-ए-आज़म' आला होता! 'प्यार किया तो डरना क्या' पहिलं नाही, हे अजून पचत नाही.

घंटाळीकर

> १९६२चं पहिलं गाणं...

नवखा, प्रश्न आवडले. वार्षिक यादी ही त्या वर्षी आलेल्या सिनेमांची नव्हती, त्या वर्षभरात गीतमालेत गाणं किती टिकलं आणि किती वर राहिलं याची होती. वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या सिनेमाचं गाणं पसरायला वेळ लागे. आधी थिएटर, मग तबकड्या दुकानांत, मग लग्नातले बँड, मग गावोगावचे लाउडस्पीकर. 'दो रास्ते' डिसेंबरात आला, त्याचं सगळं राज्य पुढच्या वर्षी. 'रोटी कपड़ा और मकान' १९७४चा आणि 'महंगाई मार गई' १९७५ला पहिलं. 'डॉन' १९७८चा, 'खईके पान बनारसवाला' १९७९ला. एकदा हे लक्षात आलं की यादी वाचायची गंमत वाढते, कारण गाणं देशभर झिरपायला किती काळ लागायचा तेही तिच्यात दिसतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. १९५२च्या डिसेंबरात, ३ तारखेच्या बुधवारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तो हिट परेड नव्हताच. अर्ध्या तासाची सात गाणी आणि श्रोत्यांसाठी स्पर्धा. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली आणि वर्षभरात आठवड्याला ६५,००० पर्यंत गेली. ती वाचायची, निकाल लावायचा, संहिता लिहायची, सादर करायची, या सगळ्याचे सायानींना आठवड्याला २५ रुपये मिळत. पत्रांचा हा डोंगर पेलेना म्हणून क्रमवारीचा मार्ग निघाला. त्यासाठी तबकड्यांच्या दुकानांतला खप विचारायचा. पण दुकानात माल संपला की खपही थांबतो, आणि ज्याचं हित गुंतलंय तो स्वतःच तबकड्या उचलू शकतो. म्हणून जोडीला देशभरच्या श्रोता संघांची मतं घ्यायला लागले. म्हणजे ही यादी समीक्षकांची नाही, इतिहासाचीही नाही. त्या त्या आठवड्यात लोकांनी काय विकत घेतलं आणि पोस्टकार्डावर काय लिहून पाठवलं, त्याची आहे.

१९५७ बघ. 'मदर इंडिया', 'नया दौर', 'प्यासा', सगळे त्याच वर्षीचे. आणि पहिलं गाणं कुठलं? 'ज़रा सामने तो आओ छलिये'. सिनेमा 'जनम जनम के फेरे', संगीत एस. एन. त्रिपाठींचं, लेखणी भरत व्यासांची. आज कितीजण त्या सिनेमाचं नाव सांगतील? पण त्या वर्षी ते गाणं लोकांच्या ओठांवर होतं हे त्या यादीमुळे आपल्याला कळतं. मला यादीचं मोल इथे वाटतं. नंतर थोर ठरलेल्या गोष्टी ती आपल्या सोयीने वर नेऊन ठेवत नाही.

सुरेल (नेरुळ)

घंटाळीकर, तुमच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. चढउतार हवाच, पण मी गीतमाला ऐकायचे ती बोलण्यासाठी.

आमच्या घरी हिंदी कुणाला धड येत नव्हतं. आजी तर शाळेची पायरी चढलेली नव्हती. तरी तिला सायानींचं सगळं कळायचं. याचं मूळ त्यांच्या घरात आहे. आई कुलसुम सायानी गांधीजींच्या प्रेरणेने 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवत, नुकत्याच साक्षर झालेल्या प्रौढांसाठी, तीन लिप्यांत आणि साध्या हिंदुस्थानीत. लहानपणी अमीनभाईंनी त्यात मदत केली आणि आपल्याला सोपं बोलायला तिथेच शिकायला मिळालं असं ते सांगत. रेडिओवर त्यांना आणलं थोरले भाऊ हमीद सायानींनी, तेही इंग्रजी निवेदनासाठी. इंग्रजीत तयार झालेला माणूस हिंदीच्या माइकपुढे बसला आणि सगळ्या देशाशी घरच्यासारखा बोलायला लागला.

ते कुणालाही "श्रोतागण" म्हणाले नाहीत. बहिणी आणि भाऊ म्हणाले, आणि बहिणींना आधी घेतलं. माझ्या आजीला त्याचं फार होतं. २० फेब्रुवारी २०२४ला ते गेले तेव्हा माझ्या तोंडून पटकन "आजीचा माणूस गेला" असं निघालं.

तेव्हा कारवाँवरचं नंतरचं निवेदन असलं तरी मला ते खोटं वाटत नाही. म्हातारपणीचा आवाज आहे, थोडा जड झालेला, पण शब्द तेच, जिव्हाळा तोच. तेही जपलं पाहिजे.

घंटाळीकर

सुरेलताई, जपायचं तर दोन्ही. माझं म्हणणं इतकंच की नंतरचं निवेदन कंपनीकडे सुरक्षित आहे, ते कुठे जाणार नाही. साप्ताहिक कार्यक्रम मात्र आपल्यासारख्यांच्या कपाटात आहेत, आणि कपाटं रिकामी होत चालली आहेत. आधी कशाला हात घालायचा, एवढाच प्रश्न आहे.

कोपरी_पूल

थोडं मराठी माणसाचंही बोलू या. सगळं सुरू कशामुळे झालं? १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले, आपल्या पुण्याचे. शास्त्रीय संगीतावर त्यांचं निस्सीम प्रेम, आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार. श्रोते उठून थेट सिलोनला गेले. महायुद्धात सैन्यासाठी तिथे बसवलेला शक्तिशाली ट्रान्समीटर तयारच होता. इकडे विविध भारती यायला १९५७चा ऑक्टोबर उजाडला, तोवर बुधवार सिलोनच्या नावावर झाला होता.

आणि ज्या गाण्याने वार्षिक यादीचा श्रीगणेशा झाला, १९५३चं 'ये ज़िंदगी उसी की है', त्याचे संगीतकार कोण? सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, पुणतांब्याचे. आवाज लताबाईंचा. पुढे १९६७ ते १९७० सलग चार वर्षं पहिलं गाणं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं : 'मिलन', 'शागिर्द', 'इंतक़ाम', 'दो रास्ते'. त्यातले लक्ष्मीकांत कुडाळकर आपलेच. शंकर-जयकिशनचा एवढा दबदबा असलेल्या काळातले हे आकडे आहेत!

मराठी गाण्यांची अशी आठवड्याची क्रमवारी कुणी लावली असती तर आज आपल्याकडे भावगीतांचा केवढा मोठा दस्तऐवज असता. मुंबई केंद्राची 'आपली आवड' होती, आणि ती आम्ही भक्तिभावाने ऐकली, पण ती फर्माइशींची. कुठलं गाणं कुठल्या महिन्यात किती घराघरांत होतं हे तिच्यावरून सांगता येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी_पाळी

बरेच दिवस नुसता वाचत होतो. या धाग्यासाठी लिहितोय.

माझे वडील वागळे इस्टेटमध्ये एका इंजिनिअरिंग कारखान्यात टर्नर होते. दुसरी पाळी तीन ते अकरा. ज्या आठवड्यात दुसरी पाळी, त्या आठवड्यात गीतमाला हुकली. त्यांना गाण्याचं फार वेड. म्हणून त्यांनी मला काम लावून दिलं होतं : बुधवारी आठला बसायचं आणि यादी लिहून ठेवायची. रात्री साडेअकराला ते घरी आले की हातपाय धुऊन आधी वही बघायचे, मग ताट. पहिल्या पाळीच्या आठवड्यात ते घरी असायचे, तरी लिहायचं काम माझंच. तिसऱ्या पाळीला जाताना सोळा गाणी ऐकूनच बाहेर पडायचे.

ती वही माझ्याकडे आहे. एक नव्हे, चार. १९७१च्या पावसाळ्यापासून १९७८पर्यंत.

शाळेच्या दुरेघी वह्या आहेत. डावीकडे तारीख, खाली सोळापासून एकपर्यंत आकडे, पुढे गाण्याचा मुखडा आणि सिनेमा. गाणं चढलं तर आकड्याशेजारी वर टोक केलेला बाण, उतरलं तर खाली, नवं आलं तर फुली. सरताज, म्हणजे मानाचं, ठरलेल्या गाण्यासाठी बिगुल वाजायचं, तिथे मी छोटं बिगुल काढलंय. सुरुवातीला ते नरसाळ्यासारखं दिसतं, पुढच्या वह्यांत जरा बरं जमलंय. आवाज गेला आणि गाणं कळलं नाही तिथे मोकळी ओळ सोडलीय. काही मोकळ्या ओळींत वडिलांच्या अक्षरात पेन्सिलीने गाणं भरलेलं आहे. ते दुसऱ्या दिवशी कारखान्यात विचारून यायचे. त्यांच्या खात्यात पाचसहा जण तरी यादी पाठ करून येणारे होते, आणि पहिल्या नंबरावर चहाची पैज लागायची.

घंटाळीकर, तुम्ही लिहिलेला चढउतार या वह्यांत आहे. आजवर हे कुणाच्या उपयोगाचं असेल असं वाटलं नव्हतं.

माई_ऐरोली

दुसरी_पाळी, वाचताना डोळे भरून आले. वडील आहेत का हो?

दुसरी_पाळी

नाहीत माई. पण त्यांच्या पेन्सिलीच्या ओळी आहेत.

बँड_३१ (वाशी)

आता मला माझ्या कॅसेटींबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण या वह्यांमुळे त्यांचं नशीब बदलू शकतं.

१९७५च्या सुमारास काकांनी आखाती देशातून टेपरेकॉर्डर आणला. रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, त्यामुळे माइक न लावता थेट उतरवता यायचं. आम्ही बुधवार उतरवायला लागलो. पण कॅसेट महाग, म्हणून बहुतेक पुसून पुन्हा वापरल्या. जेवढ्या वाचल्या त्या एका बुटांच्या खोक्यात आहेत. कव्हरवर भावाच्या अक्षरात नुसतं "बिनाका" किंवा "बिनाका चांगली". तारीख एकीवरही नाही!

एका कॅसेटमध्ये 'कभी कभी मेरे दिल में' आहे, म्हणजे १९७६च्या आसपासची. त्यापलीकडे मला सरकता येत नव्हतं. वार्षिक यादी इथे निरुपयोगी, ती फक्त वर्ष सांगते. पण सोळा गाण्यांचा क्रम म्हणजे त्या बुधवारच्या बोटांचा ठसा. सगळा क्रम दुसऱ्या कुठल्या आठवड्यात तसाच येणं कठीण. वहीशी ताडून पाहिलं तर थेट तारीख मिळेल. कॅसेट अर्धवट असली तरी चारपाच गाण्यांचा क्रम आणि सायानी मधे जे सांगतात, हे गाणं मागच्या वेळी कुठे होतं ते, एवढ्यावर काम भागेल.

वहीतली तारीख हीच धरायची, कारण ती प्रसारणाची आहे. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन टेप विमानाने कोलंबोला जायची, तेव्हा यादी काही दिवस आधी ठरलेली असणार.

नवखा_श्रोता (घोडबंदर रोड)

हे भारी आहे! काका, कॅसेटी मला द्या, मी डिजिटल करतो. आता अशी सॉफ्टवेअर आहेत की खरखर पूर्ण काढून टाकतात, आवाज स्टुडिओतल्यासारखा होतो.

बँड_३१ (वाशी)

उत्साहाबद्दल धन्यवाद, आणि तुझी मदत लागणारच आहे. पण आधी हे नीट वाच.

खरखर काढायची घाई नाही. पहिली प्रत जशी आहे तशीच घ्यायची, काहीही न गाळता. डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. लघुलहरींचा कार्यक्रम मोनो, त्यामुळे एका तासाची फाइल साधारण अर्धा जीबी. आजच्या काळात काहीच नाही. एमपीथ्रीत साठवलं की जे गेलं ते गेलं. नंतर त्या फाइलच्या नकलेवर हवे ते प्रयोग कर. सॉफ्टवेअर खरखरीबरोबर सायानींच्या "स" आणि "श"ची धारही खातं, हे मी स्वतः ऐकलंय. जाहिराती, मधली शांतता, शेजारच्या स्टेशनची घुसखोरी, काहीही कापायचं नाही. मागे घरात कुणी बोललेलं ऐकू आलं तर तेही राहू दे.

आपल्याकडचा खरा शत्रू दमट हवा. ठाण्या-वाशीचे पावसाळे काढलेल्या कॅसेटी आहेत. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे उजेडात बघ. कडांवर पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट मशीनमध्ये अजिबात घालायची नाही. ती टेपही खराब करते आणि टेप वाचणाऱ्या हेडवर बसून पुढच्या कॅसेटींनाही लागते. मागे एका दुकानात दोन कॅसेटी विश्वासाने दिल्या होत्या. त्यांनी तशाच वाजवल्या आणि एक तुटून परत आली.

दुसरं, टेपच्या मागे चिमुकली फेल्टची गादी असते, टेप हेडला चिकटून ठेवणारी. इतक्या वर्षांनी तिचा डिंक सुटतो. ती पडली असेल तर आवाज घुसमटलेला येतो आणि लोक समजतात कॅसेट गेली. दुसऱ्या कॅसेटमधली गादी बसवली की जीव येतो. ९० मिनिटांच्या कॅसेटी जपून, त्यांची टेप पातळ असते. १२० मिनिटांची निघालीच तर हातच लावू नका, मी बघतो.

आणि प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन जुळवावा लागतो. हेडशेजारच्या स्क्रूला अगदी केसभर पीळ द्यायचा आणि झांजेचा, सतारीच्या तारेचा आवाज सर्वांत उघडा कुठे येतो ते कानाने ठरवायचं.

कोपरी_पूल

वेगाचं काय? माझ्या एका जुन्या कॅसेटमध्ये मुकेश किशोरच्या पट्टीत गातात.

बँड_३१ (वाशी)

बॅटरीवर उतरवली असणार. सेल उतरलेले असताना टेप हळू फिरते, मग चांगल्या मशीनवर वाजवली की सगळं चढ्या सुरात ऐकू येतं. मूळ तबकडीशी सूर जुळवून वेग दुरुस्त करता येतो. घरच्या विजेवर उतरवली असेल तर आणखी सोपं : मागे विजेची जी बारीक गुंss असते ती ५० हर्ट्झची. ती फाइलमध्ये ५२ दिसली तर वेग किती चुकलाय ते तिथेच कळतं. म्हणून तर म्हणतो, कचरा समजून काही काढू नका.

सुरेल (नेरुळ)

एक व्यवहाराचा प्रश्न. गाण्यांचे हक्क कंपन्यांचे. हे सगळं उद्या यूट्यूबवर चढवलं तर हरकत येणार. गाणी कापून फक्त निवेदन चढवायचं का?

घंटाळीकर

माझं मत : फाइली आपल्याकडे पूर्ण ठेवायच्या, तीन वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या डिस्कवर. जाहीर काही चढवायचंच नाही. जाहीर करायच्या त्या साप्ताहिक याद्या. कुठली तारीख, कुठलं गाणं कितव्या पायदानावर, आणि हे वहीत आहे, कॅसेटमध्ये आहे की दोन्हीत, तेही प्रत्येक ओळीपुढे लिहायचं. म्हणजे पुढे कुणाला दुसऱ्या गावची वही सापडली तर ताडून पाहता येईल. आपली वही ठाण्याची आहे. नागपूर, सोलापूर, रत्नागिरी, कुठेतरी कुणी मुलगा असाच आठला वही घेऊन बसला असेल याची मला खात्री आहे.

ऐकायचं ते बुधवारी आठला, एकत्र बसून.

नवखा_श्रोता (घोडबंदर रोड)

मान्य. मी याद्यांसाठी तक्ता तयार करतो : तारीख, पायदान, गाणं, सिनेमा, संगीतकार, बाण. दुसरी_पाळी काका, वह्यांचे फोटो घरी येऊन मीच काढू का? पानं सपाट उघडली नाहीत तर शिवण उसवेल, म्हणून स्टँड घेऊन येतो, वह्या अर्ध्याच उघडायच्या. पेन्सिलीच्या ओळींसाठी बाजूने दिवा लावावा लागेल.

दुसरी_पाळी

ये बाबा. रविवारी सकाळी ये. वह्या घराबाहेर पाठवायची माझी तयारी नव्हती, तू येतोयस ते बरं झालं. वडिलांनी भरलेल्या ओळींना तक्त्यात वेगळी खूण कर. त्या ऐकीव आहेत, माझ्या कानाच्या नाहीत, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

माई_ऐरोली

माझ्या भावाकडे डोंबिवलीला कॅसेटींची एक पिशवी आहे असं आठवतंय. आज फोन करते. बिनाका असतीलच असं नाही, कीर्तनंही असतील.

बँड_३१ (वाशी)

असू देत माई, सगळी पिशवी मागवा. नावावर जाऊ नका. आमच्याकडे "आरत्या" लिहिलेल्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला गीतमाला निघाली.

येत्या बुधवारी मी कॅसेट डेक घेऊन नौपाड्याला येतो, घंटाळीकर. आठच्या ऐवजी सातला सुरू करू, म्हणजे आधी तासभर कॅसेटी तपासता येतील. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कृपया घरी वाजवून बघू नका, पेन्सिल घालून फिरवूही नका. जिथे थांबल्यात तिथेच असू द्या, झिप पिशवीत घाला आणि तशाच आणा. हेड पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस, फेल्टच्या गाद्या आणि बारीक स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे. रिकाम्या हार्ड डिस्क दोन लागतील. एक मी आणतो, दुसरी कोण आणतंय?

कोपरी_पूल

दुसरी माझी.